विंडोज बदललं आणि मेल उघडेना : १७ दिवसांची नोंद

आमच्या घरच्या संगणकात ६१ हजारांहून जास्त मेल आहेत. त्यांतले साधारण चार हजार बाबांचे. २००९ मध्ये शाळेतून निवृत्त झाल्यावर ते मराठी टायपिंग शिकले आणि पुढची बारा वर्षं देवास, ग्वाल्हेर, बडोदा, नागपूर अशा पांगलेल्या नातलगांना रोज सकाळी पोहे खाऊन झाले की मेल लिहायला बसायचे. त्यांचं खातं ज्या सेवेवर होतं ती आता बंद झाली आहे. शिवाय मेल पॉप पद्धतीनं उतरवलेले, म्हणजे सर्व्हरवरून घरी आणायचे आणि तिकडची प्रत पुसायची. त्यामुळे बाबांच्या मेलची एकुलती एक प्रत इंदूरला, लोकमान्य नगरातल्या आमच्या बाहेरच्या खोलीत, टेबलाखालच्या सीपीयूमध्ये होती. बाबा आता नाहीत.

हे आधीच सांगते, कारण पुढे प्रत्येक पायरीला मी का थबकले आणि दोन-तीन दिवसांचं काम सतरा दिवस का चाललं, ते एरवी कळणार नाही.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे महिनाभर पडद्यावर येत होतं. मी वकिलांसाठी हिंदी-मराठी कागदपत्रांची भाषांतरं करते. लोकांची शपथपत्रं, वारसाहक्काचे कागद माझ्याकडे असतात, तेव्हा सुरक्षेचे सुधार न मिळणाऱ्या मशीनवर काम करणं मला पटत नव्हतं. मशीन २०१९ चं, इंटेलच्या आठव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम (प्रोग्रॅम चालू असताना वापरतो ती मेमरी), २४० जीबीची एसएसडी (फाइली साठवायची डिस्क). विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० (किल्ल्या, पासवर्ड सुरक्षित ठेवणारी मशीनमधली सोय) लागतं. तपासणीच्या प्रोग्रॅमनं टीपीएम नाही असं दाखवलं, पण ते बहुतेक मशीनमध्ये असतं, फक्त बंद केलेलं असतं. आमच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ते पीटीटी या नावाखाली सापडलं. ते चालू केलं आणि शनिवारी, ११ ऑक्टोबरला सकाळी नऊला सुरुवात केली. साडेअकराला नवं विंडोज आलं. सगळे प्रोग्रॅम, सगळ्या फाइली जागच्या जागी. आईला बाबांचे फोटो उघडून दाखवले आणि दुपारी निवांत झोपले.

रविवारी सकाळी थंडरबर्ड उघडलं. मी मेलसाठी गेली कित्येक वर्षं हाच प्रोग्रॅम वापरते. यादी दिसली, दोन मेल वाचले, तिसरा उघडताना पांढरा पडदा आला आणि वर ‘प्रतिसाद देत नाही’. पाच मिनिटांनी प्रोग्रॅम आपोआप बंद पडला. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी विंडोजनंच सूचना दिली की मेमरी कमी पडते आहे, प्रोग्रॅम बंद करा. मेल सोडून दुसरं काहीच उघडं नव्हतं.

सोमवारी १३ तारखेला एका वकीलसाहेबांचा मेल यायचा होता, दिवाळीच्या सुट्टीआधी द्यायचं शपथपत्र. इथे एक काम मी वेळेवर केलं. थंडरबर्ड उघडल्या उघडल्या खात्याच्या सेटिंगमधलं ‘सुरू होताना नवे मेल तपासा’ आणि ‘दर दहा मिनिटांनी तपासा’ ही दोन्ही बंद केली. मग नवे मेल सर्व्हरवरच राहिले आणि ते मी फोनवरून, ब्राउझरमधून वाचत गेले. तुमचेही मेल पॉपनं येत असतील तर गडबड सुरू झाल्याबरोबर आधी हे करा. आजारी प्रोग्रॅमच्या पोटात आणखी मेल जायला नकोत.

मंगळवारी प्रत काढली. थंडरबर्डचं सगळं सामान एका फोल्डरमध्ये असतं: हेल्प, मग ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथे प्रोफाइल फोल्डरसमोर ‘ओपन फोल्डर’. ते उघडायचं, मग थंडरबर्ड पूर्ण बंद करायचं आणि त्याच्या वरचा अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवायचा. थंडरबर्ड उघडं असताना काढलेली प्रत भरवशाची नसते. आमच्याकडची बाहेरची डिस्क जुनी होती, आवाज करायची. तिच्यावर बाबांचे मेल ठेवायचं धाडस झालं नाही, म्हणून आरएनटी मार्गावर जाऊन १ टीबीची नवी आणली, ४,९०० रुपये. प्रोफाइल भरली १९ जीबी. उतरवताना मध्येच वीज लुकलुकली, यूपीएसनं सांभाळलं, तरी मी सगळं पहिल्यापासून पुन्हा उतरवलं. प्रत पूर्ण झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार वहीत लिहून ताडून पाहिला. त्या रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली.

त्याच दिवशी हेल्पमधलं ‘ट्रबलशूट मोड’ चालवून पाहिलं. त्यात वरून बसवलेली ॲड-ऑन, म्हणजे जास्तीच्या सोयींचे छोटे प्रोग्रॅम, बंद होतात. ॲड-ऑनमुळे त्रास असेल तर तो तिथे थांबतो. माझा थांबला नाही. म्हणजे ॲड-ऑनचा दोष नव्हता, एवढं कळलं.

बुधवारी ज्या दुकानातून मशीन घेतलं होतं तिथला मुलगा घरी आला. येण्याचे ४०० रुपये. त्यानं टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्रॅम किती मेमरी वापरतो ते दाखवणारी खिडकी) उघडलं, मेमरी ९२ टक्के भरलेली पाहिली आणि म्हणाला, “दीदी, पहले रैम बढ़ा लो, फिर देखते हैं.” त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. समोर जे दिसत होतं त्यावरून कुणीही तेच म्हटलं असतं. ८ जीबीची आणखी एक पट्टी, २,१५० रुपये. ती गुरुवारी, १६ तारखेला बसली. रॅम १६ जीबी झाली आणि विंडोजची मेमरीची सूचना येणं थांबलं. थंडरबर्ड मात्र वीस मिनिटांत पुन्हा बंद पडलं.

त्या संध्याकाळी मी खचले होते. आई देवापाशी दिवा लावत होती, तिनं एवढंच विचारलं, “ह्यांची पत्रं आहेत ना गं?” आहेत, म्हटलं, डिस्कवर आहेत. पण ती वाचता येत नसतील तर असून काय, हे मनातून जाईना.

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन बसले. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरीच्या स्तंभात थंडरबर्डपुढे किती आकडा आहे, तो दर दोन मिनिटांनी लिहायचा. सकाळी सुरुवात ५८० एमबी. मग ९००, मग १,४००, २,१००, २,८००, आणि ३,०५० ला बंद. दुसऱ्या वेळी २,९८० ला बंद. तिसऱ्या वेळी ३,१०० ला. शेजारी एकूण मेमरीचा आकडा होता: १६ पैकी ७ जीबीही वापरात नव्हती. घरात पाणी भरपूर आहे आणि तांब्या मात्र एका रेघेच्या वर भरत नाही, तसं. मेमरी दुप्पट केली तरी प्रोग्रॅम तिथेच पडत होता. तेव्हा मेमरी कमी असणं हे कारण नव्हतं.

आणखी एक नोंद त्याच दिवशी झाली. टूल्समध्ये ‘ॲक्टिव्हिटी मॅनेजर’ आहे, तिथे प्रोग्रॅम मागे काय करतो ते दिसतं. तिथे लिहिलेलं होतं की मेलची शोधसूची (जुने मेल शोधताना लागणारी यादी) बनते आहे, ६१ हजारांपैकी चार हजार झाले. थंडरबर्ड बंद पडून पुन्हा उघडलं की मोजणी परत शून्याच्या आसपास. इतक्या वर्षांत ही सूची रोजच्या दहा-बारा मेलनं वाढत होती, त्याचा भार जाणवण्यासारखा नव्हता. नव्या विंडोजवर पहिल्यांदा थंडरबर्ड अडखळून बंद झालं तेव्हा ती सूची बिघडली असणार, म्हणून त्यानं ती पहिल्यापासून करायला घेतली आणि दर वेळी अर्ध्या वाटेवर कोसळलं. सेटिंगमध्ये ‘ग्लोबल सर्च अँड इंडेक्सर’वरची खूण मी काढली, म्हणजे सूची बनवणंच बंद केलं. तेवढ्यानं प्रोग्रॅम तासभर उघडा राहू लागला. शोध चालत नव्हता, पण वकीलसाहेबांचे जुने मेल काढून शपथपत्र १७ तारखेला रात्री पाठवता आलं. हे ठिगळ तात्पुरतं होतं, पण त्या वेळी फार मोलाचं वाटलं.

शनिवारी धनत्रयोदशी. बाजार गजबजलेला, संगणकाच्या दुकानांत बिलाची पूजा, दुरुस्तीचं कुणी बोलायला तयार नाही. भाऊबीज होईपर्यंत, म्हणजे २३ तारखेपर्यंत वाट पाहा, असं सगळीकडे ऐकलं. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता, त्याचं कारण वेगळं होतं. विंडोज ११ वर गेल्यावर १० दिवसांच्या आत मागे फिरता येतं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, ‘गो बॅक’. त्यासाठी जुनं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जपलेलं असतं आणि मुदत संपली की ते आपोआप पुसलं जातं. माझी मुदत २१ ला संपत होती, ऐन दिवाळीत. परत जावं का नाही, हा निर्णय त्याआधी करायचा होता.

आणि याच फोल्डरमध्ये पहिल्या आठवड्याच्या कोड्याचा अर्धा भाग सापडला. त्यानं एसएसडीवरची २६ जीबी जागा धरून ठेवली होती. मोकळी उरलेली जागा फक्त ५ जीबी. रॅम भरली की विंडोज त्यातला काही भाग डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये ठेवतं. डिस्कवर जागाच नसेल तर ती फाइल वाढू शकत नाही, आणि मग ‘मेमरी कमी’ ही सूचना येते. नवी पट्टी बसल्यावर रॅम भरेनाशी झाली, म्हणून सूचना थांबली. सूचना आणि थंडरबर्डचं कोसळणं हे दोन वेगळे आजार होते, आणि मी आठवडाभर त्यांना एकच समजत होते.

रविवारी सकाळी पुण्याहून भाच्याचा फोन आला, दिवाळीच्या शुभेच्छांसाठी. तो संगणकाच्याच नोकरीत आहे, पण त्याला त्रास नको म्हणून मी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. वहीतले आकडे वाचून दाखवले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मावशी, टास्क मॅनेजरमध्ये थंडरबर्डची ओळ आहे ना, ती पूर्ण वाच. पहिला शब्द नाही, पूर्ण ओळ.”

वाचली. थंडरबर्ड, कंसात ३२ बिट.

इतके दिवस ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. ३२ बिटांचा प्रोग्रॅम मशीनमध्ये कितीही रॅम असली तरी ४ जीबीच्या पलीकडची मेमरी वापरूच शकत नाही, आणि प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आधी दमतो. मी थंडरबर्ड बसवलं तेव्हा आमचं मशीन वेगळं, जुनं होतं. मशीन बदललं तेव्हा जपून ठेवलेला जुनाच इन्स्टॉलर पुन्हा चालवला. पुढे तो स्वतःला नवा करत राहिला, पण बिट तेच राहिले. तुमचं कोणतं आहे ते हेल्पमधल्या ‘अबाउट थंडरबर्ड’मध्ये आवृत्तीच्या आकड्याशेजारी लिहिलेलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. रॅम विकत घ्यायच्या आधी तेवढं पाहा.

६४ बिटांचं थंडरबर्ड उतरवायचं ठरलं. भाच्यानं एक गोष्ट बजावली: आधी जुनं थंडरबर्ड ताज्या आवृत्तीवर आण आणि नवं तीच आवृत्ती घे, कारण नव्या आवृत्तीनं वापरलेली प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडू देत नाही. ते केलं. रविवारी दुपारी ६४ बिटांचं बसवलं, उघडलं, आणि पडदा कोरा. ‘नवं खातं जोडा’ एवढंच. एकही मेल नाही, एकही फोल्डर नाही.

हात थरथरायला लागले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. प्रत डिस्कवर आहे हे ठाऊक असूनही थरथरले. खरं तर काहीच गेलं नव्हतं. नवं थंडरबर्ड वेगळ्या जागी बसतं आणि आपल्यासाठी वेगळी रिकामी प्रोफाइल बनवतं. जुनी तिच्या जागी तशीच असते. ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनच्या पानावर ‘अबाउट प्रोफाइल्स’ अशी एक जोडणी आहे. तिथे दोन प्रोफाइल दिसल्या. जुनीच्या खाली ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबलं, प्रोग्रॅम बंद करून उघडला, आणि डावीकडे ‘बाबा’ हे फोल्डर आलं. ही पायरी मला कुणी आधी सांगितली असती तर ती पंधरा मिनिटं माझ्या वाट्याला आली नसती, म्हणून इथे मुद्दाम विस्तारानं लिहिते आहे. कोरा पडदा दिसला तर खातं नव्यानं जोडू नका, काही पुसू नका. आधी प्रोफाइल पाहा.

सोमवारी, २० तारखेला, लक्ष्मीपूजनाच्या गडबडीतच ठरवलं की मागे फिरायचं नाही. नवं थंडरबर्ड दिवसभर उघडं होतं आणि ते पडलं नव्हतं.

दोन कामं उरली होती. पहिलं मेलच्या पेटीचं. थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये ठेवतं. आपण मेल पुसला की त्यावर ‘पुसलेला’ अशी खूण होते, पण फाइलमधली त्याची जागा मोकळी होत नाही. ती ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावर होते. प्रोग्रॅम अधूनमधून त्याची परवानगी विचारतो आणि मी कित्येक वर्षं ‘नको’ म्हणत आले होते, कारण कॉम्पॅक्ट म्हणजे मेल कमी करणं, बाबांचे जुने मेल जाणं, अशी माझी समजूत होती. तसं काही होत नाही. आपण आधीच पुसलेलं तेवढंच जातं. पण कॉम्पॅक्ट करताना प्रोग्रॅम त्या फाइलची नवी प्रत लिहितो, म्हणून डिस्कवर किमान तेवढी मोकळी जागा लागते. माझ्या इनबॉक्सची फाइल १३ जीबीची आणि मोकळी जागा ५. म्हणून २१ ची मुदत उलटून विंडोज डॉट ओल्ड जाईपर्यंत थांबले. २२ ला सकाळी पाहिलं तर जागा ३१ जीबी झाली होती.

शुक्रवारी, २४ ला, भाऊबीजेचे पाहुणे गेल्यावर पुन्हा एक ताजी प्रत काढली आणि इनबॉक्सवर उजवं बटण दाबून ‘कॉम्पॅक्ट’ केलं. एक तास चाळीस मिनिटं. त्या वेळात मेल वाचायचे नाहीत, पाठवायचे नाहीत, मशीन झोपू द्यायचं नाही. पॉवरच्या सेटिंगमध्ये झोप आधीच बंद करून ठेवा. १३ जीबीची फाइल ६ जीबी झाली. बाबांच्या फोल्डरमधले मेल मी आधी मोजून ठेवले होते: ४,०८७. नंतरही ४,०८७. आईला आकडा सांगितला. ती म्हणाली, “तू मोजलेस?” आणि डोळे पुसले.

मधल्या काळात आणखी एक छोटी गोष्ट केली होती. व्हायरसविरोधी प्रोग्रॅम नवं विंडोज आल्यापासून मेलच्या त्या अवाढव्य फाइली पुन्हा पुन्हा तपासत होता, आणि एक मेल आला तरी अख्खी फाइल बदलली असं समजत होता. त्याच्या सेटिंगमध्ये थंडरबर्डची प्रोफाइल तपासणीतून वगळली. मेलबरोबर आलेली फाइल आपण बाहेर उतरवली की ती तपासली जातेच, फक्त ती थेट उघडू नये, आधी जतन करावी, ही शिस्त मी लावून घेतली.

दुसरं काम शोधसूचीचं. थंडरबर्ड बंद केलं, प्रोफाइल फोल्डरमधली ‘ग्लोबल मेसेजेस डीबी’ नावाची फाइल बाजूला काढली (तिच्यात मेल नसतात, फक्त शोधाची सूची असते, तरी मी ती पुसण्याऐवजी नाव बदलून ठेवली), इंडेक्सरवरची खूण परत केली आणि शनिवारी रात्री नऊला प्रोग्रॅम उघडून तसाच ठेवला. झोपण्यापूर्वी वहीत लिहिलं: ३,६०० एमबी, चालू. जुनं थंडरबर्ड इथवर कधी पोचलंच नव्हतं. रात्री दोनला उठून पाहिलं, ४,४०० एमबी, ३८ हजार मेल झालेले. रविवारी सकाळी सात वाजता सगळे झाले होते आणि आकडा खाली येऊन ६६० वर टेकला होता. बंद करून उघडलं, ४१०.

एकूण खर्च ७,४५० रुपये. त्यातले रॅमचे २,१५० या दुखण्यासाठी लागलेच नसते. पट्टी ठेवून घेतली आहे, भाषांतराच्या वेळी दोन-तीन मोठ्या फाइली एकदम उघडताना ती उपयोगी पडते. डिस्कचे ४,९०० मात्र मी दहा वर्षांपूर्वीच खर्च करायला हवे होते.

सोमवारी, २७ तारखेला, नवे मेल तपासण्याची सेटिंग पुन्हा चालू केली आणि सर्व्हरवर साचलेले ४४ मेल उतरवून घेतले. आता खात्याच्या सेटिंगमध्ये ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ अशी खूण आहे. इनबॉक्सचे वर्षावार फोल्डर करते आहे, रोज रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास. २००९ ते २०१३ झाली. २०१४ मध्ये बाबांचे आणि नागपूरच्या काकांचे मेल एकमेकांत मिसळलेले आहेत, दोघंही विषयाच्या जागी नुसतं ‘सप्रेम नमस्कार’ लिहायचे, त्यामुळे एकेक उघडून वाचावा लागतो. आई शेजारी खुर्ची घेऊन बसते.